धाकटं घर

रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी नकार आला.
म्हणजे तिकडे संध्याकाळ असणार,
घरी निघण्याआधी कुणीतरी
शेवटची टपालं हातावेगळी केली असणार.

लेख उत्तम आहे, असं लिहिलंय.
फक्त आमच्या वाचकांना त्यात रस नाही.
रस!
चार गळीत हंगाम मी रसातच होते,
वडणग्यापासून कुशिऱ्यापर्यंत बेचाळीस गुऱ्हाळं,
स्कूटीवर पायाशी बर्फाचा डबा,
डब्यात बाटल्या, बाटल्यांवर माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या,
घामानं पुसट झालेल्या.

नकाराखाली एक निळं बटण.
आपला लेख आमच्याच परिवारातल्या
दुसऱ्या एका नियतकालिकाला शोभून दिसेल.
पुन्हा काही भरावं लागणार नाही.
नावं, आकृत्या, परीक्षकांचे शेरे,
सगळं सोबत जाईल.

म्हणजे परीक्षक क्रमांक दोनही येणार,
ज्यांनी सात महिने विचार करून विचारलंय
की गूळ म्हणजे
साखर करताना उरतो तो मळ का.

सकाळी गुऱ्हाळावर नानांना सांगितलं.
बंडू नाना खोत, गुळव्या,
काहिलीवरची मळी काढता काढता ऐकत होते.
"थोरल्यानं नको म्हटलं
आन् धाकट्याला दाखवा म्हणाला. आसं?"
तसंच.
"घर एकच?"
एकच.
"मग धाकटा काय मागतोय?"
दोन लाख एकवीस हजार, नाना.
थोरला काहीच मागत नव्हता.
नानांनी झारा काहिलीच्या काठावर आपटला.
"लई हुशार घर हाय."

नंतर त्यांनी पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडला,
दोन बोटांत धरून बघितला,
पुन्हा एकदा सोडला, पुन्हा बघितला.
"ह्याची ढेप धरायची नाय. काकवी करा रे."
पोरं डबे आणायला पळाली.
कुणाला वाईट वाटलं नाही.
मी मात्र त्या दोन बोटांकडेच बघत राहिले,
भाजून भाजून ठसे गेलेल्या.

मगदूम सर म्हणाले, टाका की बिनधास्त.
तिकडं मोठा जिना आहे, मॅडम.
वरच्या मजल्यावर मान, खालच्या मजल्यावर गल्ला.
वरचे जेवढ्यांना परत पाठवतात
तेवढ्यांना खाली खुर्ची तयार असते.
आपण फक्त पायरी चुकवायची नाही.
मग त्यांनी चहा मागवला
आणि पदोन्नतीच्या फायलीबद्दल बोलत बसले.

शुल्कमाफीच्या यादीत आपला देश नाही,
तेही शोधून झालं.
कॉलेजच्या लेखा विभागात हा आकडा सांगितला
तर पाटणकर बाई चष्मा काढून म्हणाल्या,
छापायचे पैसे तुम्हीच द्यायचे?
आणि वाचायचे?
तेही आपणच देतो, मी म्हटलं.

एकोणतिसाव्या दिवशी रेहाना आली.
राजारामपुरीतून चालत, छत्री न उघडता,
प्रबंधाची मुदत जूनअखेर.
ती बसली नाही.
"मॅडम, दुसऱ्या जागी गेलं
तरी माझं नाव पहिलंच राहील ना?"

बेचाळीसपैकी एकतीस गुऱ्हाळं तिचीच होती.
हायड्रोसच्या पावडरीचा वास तिलाच आधी आला होता,
मालकानं नाही म्हटलं तरी.

राहील, म्हटलं. सगळं सोबत जातं.

बटण दाबलं.
एक चौकट उघडली: हस्तांतरणाचं कारण निवडा.
चार पर्याय होते.
त्यांत जून नव्हता.
मी तिसरा निवडला, वाचलाही नाही.

काही क्षणांत पोच आली,
प्रिय डॉक्टर चौगुले, आपलं स्वागत आहे,
त्याच पत्त्यावरून, त्याच सहीनं.
तेव्हा लक्षात आलं,
माझ्या पत्राच्या वरच्या ओळीत
अजून थोरल्याचंच नाव आहे.

दुरुस्त करता आलं असतं.
राहू दे म्हटलं.
बघू या, कुणी वाचतं का.